ईओसला जाताय? आधी घड्याळ लावून घ्या

धाकट्या मामेभावाचा फोन आला. "ताई, आम्ही सहा जण जुलैत ईओसला चाललोय. तू दोनदा गेलीयस ना? पटकन दोन ओळी टाक." ईओस म्हणजे ग्रीसचं एक बेट, आणि दोन ओळींत मावणारं प्रकरण नाही ते, म्हणून हे सविस्तर. त्याच्यासाठी, त्याच्या गँगसाठी, आणि ज्यांना घरून परवानगी मिळालीय पण नेमकं काय करायचं ते माहीत नाही त्या सगळ्यांसाठी.

मी दोनदा गेले हे खरं, पण दोन वेगळ्या बेटांवर गेल्यासारखं. पहिल्यांदा २०१२ च्या जुलैत, चोवीस वर्षांची असताना, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या वर्गातल्या चौघांबरोबर. पाच दिवसांत सकाळ अशी पाहिलीच नाही. दुसऱ्यांदा २०२४ च्या सप्टेंबरात आईला घेऊन. आई सहासष्ट वर्षांची, कराडची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पहाटे साडेपाचला उठून अंगण शोधणारी. पहिल्या खेपेला रात्री दोन वाजता ज्या फरशीवर सांडलेल्या बिअरला माझी चप्पल चिकटत होती, त्याच फरशीवर दुसऱ्या खेपेला सकाळी सात वाजता एक आजी पाइपने पाणी मारत होत्या. आईने मराठीत "लवकर उठलात" म्हटलं, त्यांनी ग्रीकमध्ये काहीतरी म्हटलं, आणि दोघी हसल्या. मी मात्र त्या भिंतीकडे बघत राहिले. बारा वर्षांपूर्वी मी तिथेच टेकून बसले होते आणि मला ती भिंत पांढरी आहे हेसुद्धा कळलं नव्हतं.

म्हणून माझा सल्ला उलट्या बाजूने सुरू होतो. कुठे राहायचं, काय बघायचं ते नंतर. ईओसला किती वाजता कुठे असायचं, ते आधी ठरवा.

बेट तसं चिमुकलं. एजियन समुद्रातल्या सायक्लाडीझ समूहात, वर नाक्सोस, खाली सँटोरिनी, मध्ये हे. क्षेत्रफळ जेमतेम १०९ चौरस किलोमीटर, बारमाही वस्ती दोन हजारांच्या थोडी वर. विमानतळ नाही. साठ-सत्तरच्या दशकात पाठीला पिशव्या लावून हिप्पी आले, त्यांच्या मागून आयरिश, ऑस्ट्रेलियन, स्वीडिश पोरं आली, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात या बेटाचं सरासरी वय बाविशीवर येतं. जून-जुलैत शाळा-कॉलेज संपवून आलेली आयरिश-ब्रिटिश पोरं, ऑगस्टात इटालियन आणि खुद्द ग्रीक. सप्टेंबर लागला की पोरं ओसरतात, समुद्र मात्र तेव्हाही कोमटच असतो. नाचायचं असेल तर जुलै. खोलीचं भाडं बघून छातीत धडधडत असेल तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबरचा. ऑक्टोबरात गेलात तर बंद शटरं आणि मांजरं.

नावाचं एक सांगून ठेवते. अथेन्सच्या पिरेअस बंदरावर बोटींच्या पाट्या ग्रीक लिपीत असतात. ईओस आणि हिओस या दोन नावांत फक्त सुरुवातीच्या एका फुलीचा, म्हणजे X सारख्या अक्षराचा, फरक आहे. फुली असलेलं हिओस पार तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ आहे. तिकडची बोट पकडलीत तर सकाळी उठून भलत्याच देशाचे डोंगर दिसतील. फुली नाही ना, एवढं बघा आणि चढा. गावातले लोक स्वतः बेटाला 'निओस' म्हणतात, त्यानेही गोंधळू नका.

व्हिसा

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज द्यायचा. पंधरा दिवस हे कागदावर. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून जुलैत जायचं तर मार्चलाच बसा. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज जातो. ईओस चार रात्री आणि पॅरिस सहा, असा बेत असेल तर ग्रीसच्या दारात उभं राहून उपयोग नाही.

बोट, वारा आणि माझं बुडालेलं विमान

दोन रस्ते. एक, अथेन्सला उतरून पिरेअस बंदर गाठायचं. २०२२ पासून विमानतळावरची मेट्रो थेट पिरेअसपर्यंत जाते, तासभर लागतो. मेट्रो बंद असेल तर एक्स-९६ ही बस, ती रात्रभर चालते. दोन, सँटोरिनीला विमानाने जाऊन तिथून बोट. जलद बोटीने पाऊण तासात ईओस.

पिरेअसहून साधी मोठी बोट सात तासांच्या आसपास घेते, जलद बोट चारच्या आसपास. मी डोळे झाकून साधी बोट सांगेन. ती पारोस, नाक्सोस करत जाते, वर डेकवर वारा खात बसता येतं, आणि एकेक बंदर येताना बघणं हा प्रवासाचाच भाग आहे. जलद बोटीत काचेआड खुर्चीला खिळून बसावं लागतं आणि लाट आली की अर्धी बोट कागदी पिशव्या मागायला लागते. अ‍ॅव्होमिनची गोळी घरूनच न्या आणि बोट सुटायच्या आधी घ्या. पोट ढवळायला लागल्यावर घेऊन काही होत नाही.

बोटीत शिरताना गाड्यांच्या मजल्यावर सामानाचे कप्पे असतात, त्यांवर बेटांची नावं. बॅग आपल्या बेटाच्या कप्प्यात ठेवायची आणि वर जायचं. ईओस जवळ आल्याची घोषणा झाली की लगेच खाली या. बोट चार-पाच मिनिटं थांबते. मागचा लोखंडी फाळका साखळ्यांच्या खडखडाटात खाली येतो, समोरून चढणारे, आतून उतरणारे, मध्ये ट्रक. आपल्याकडच्या यष्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना अवघड जाणार नाही.

आता वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. आकाश निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि वारा असा की टेबलावरची बशी सरकते. बोफोर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर आठच्या पुढे गेला की बंदर अधिकारी बोटींना बंदी घालतात, जलद बोटी तर त्याआधीच रद्द होतात. २०१२ मध्ये आम्ही शहाण्यांनी ईओसहून निघायची बोट दुपारची आणि अथेन्सहून विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं ठेवलं होतं. बोट रद्द झाली. रात्र बंदरावरच्या एका कॅफेच्या वेताच्या खुर्च्यांवर काढली, मालकाने मध्यरात्री न मागता टोस्ट आणून दिले. बोटीचं तिकीट बदलून मिळालं. विमानाचं नाही. नवीन तिकिटात माझा त्या महिन्याचा अख्खा विद्यार्थी-पगार गेला आणि ते घरी आजतागायत सांगितलेलं नाही. आई हे वाचणार असेल तर, आई, दिलगीर आहे.

तर, परतीच्या विमानाच्या आधीची एक अख्खी रात्र अथेन्समध्ये हवीच. बोट वेळेवर निघाली तर संध्याकाळी अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी फिरा, नुकसान काहीच नाही.

कुठे उतरायचं

मुक्कामाची ठिकाणं तीन आणि तिन्ही एका रस्त्यावर. खाली बंदर, त्याला यालोस किंवा ओर्मोस म्हणतात. त्याच्या डोक्यावर डोंगराच्या पाठीला चिकटलेलं मुख्य गाव, होरा. आणि पलीकडे उतरलं की मिलोपोतासचा किनारा, किलोमीटरभर लांब, बारीक वाळूचा. या तिघांमध्ये बस सतत येत-जात असते आणि ऐन हंगामात रात्री उशिरापर्यंत चालते.

तुम्ही पंचविशीच्या आतले आणि पार्टीला चाललेले असाल तर मिलोपोतास. तिथे फार आउट नावाचं मोठं प्रस्थ आहे, कॅम्पसाइट, तंबू, खोल्या, पोहण्याचे तलाव, सगळं एकात. दुपारीच गाणी लागतात. एकटे गेलात तरी संध्याकाळपर्यंत चार मित्र होतात. होरात राहिलात तर क्लबमधून चालत घरी, पण रात्री तीनच्या आधी डोळा लागणार नाही हे धरून चला. खोली घेताना चौकापासून किती लांब ते विचारा, आणि वरच्या अंगाला, चर्चकडच्या बाजूला मिळाली तर सोडू नका. बंदर शांत. आईला घेऊन गेले तेव्हा आम्ही तिथेच राहिलो.

भाड्याच्या वर एक सरकारी कर लागतो, तो बुकिंगमध्ये बहुधा धरलेला नसतो आणि काउंटरवर मागतात. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये एक-दोन तारे असलेल्या हॉटेलात एका खोलीला एका रात्रीचे २ युरो, तीन ताऱ्यांना ५, चारला १०, पाचला १५. फसवणूक नाही ती, भांडू नका.

न्हाणीघराबद्दल दोन गोष्टी, कारण त्या तुम्हाला कुणी सांगणार नाही. कागद कमोडमध्ये टाकायचा नाही. पाइप अरुंद असतात, तुंबतात, म्हणून शेजारी झाकणाची बादली असते, त्यात टाकायचा. आणि आपला जेट स्प्रे तिथे नसतो. आईने पहिल्याच दिवशी दीड लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सेफ्टी पिनने चार भोकं पाडली. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचं घ्या.

चोवीस तासांचा हिशोब

सकाळी सात ते अकरा हे होरा बघायचं. पोरं झोपलेली, बेकऱ्या उघड्या, गल्ल्यांमध्ये फरशीच्या सांध्यांवर चुन्याच्या ताज्या पांढऱ्या रेघा. बंदरातून वर जायला जुनी पायऱ्यांची वाट आहे, पूर्वी गाढवं जायची ती. वीस मिनिटांची चढण. आईने मध्ये एकदाच टेकून श्वास घेतला आणि म्हणाली, "जेजुरीपेक्षा सोपं आहे गं." गावात गाडी शिरत नाही, त्यामुळे चुकायला मजा येते. वर वर जात राहायचं. शेवटी कड्याच्या टोकाला पानायिया ग्रेमिओतिसाचं देऊळ लागतं, म्हणजे कड्यावरची माउली. तिची गोष्ट अशी सांगतात की क्रीटमधल्या लोकांनी देवीची मूर्ती परक्यांच्या हाती लागू नये म्हणून समुद्रात सोडली, ती तरंगत इथे आली, आणि जिथून तिला क्रीट दिसेल अशाच जागी राहीन म्हणाली. मूर्ती म्हणजे त्यांची लाकडावर रंगवलेली तसबीर. आईला ही गोष्ट इतकी ओळखीची वाटली की तिने तिथे मेणबत्ती लावून हातच जोडले. १५ ऑगस्टला इथे मोठा उत्सव असतो. त्या आठवड्यात खोली मिळणं कठीण, बोटीत जागा मिळणं त्याहून.

याच वेळेत ज्याला रस असेल त्याने स्कार्कोस बघावं. बंदर आणि होरा यांच्यामध्ये एक टेकाड आहे, तिथे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचं गाव सापडलंय, दुमजली घरांच्या भिंती, गटारं, गल्ल्या. २००८ मध्ये या कामाला युरोपा नॉस्ट्राचा पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये मी त्याच्या शेजारून दहा वेळा गेले असेन. मान वळवली नाही.

दुपारी मिलोपोतास. पाणी बऱ्याच आतपर्यंत उथळ, ज्यांना नीट पोहता येत नाही त्यांच्यासाठी चांगलं. ज्या दिवशी वारा फार असेल त्या दिवशी दक्षिण टोकाला मांगानारीला जा, उत्तरेच्या वाऱ्यापासून डोंगराची आड आहे. हंगामात होरातून तिकडे बस जाते. तिथे सावली विकत घ्यावी लागते, म्हणजे छत्रीखालची खाट. भाव आधी विचारा.

तीन ते साडेपाच ग्रीसमध्ये उन्हाळ्यात कायद्याने शांततेची वेळ आहे. भाड्याच्या घराच्या गच्चीत स्पीकर लावलात तर शेजारचे आजोबा पोलिसांना फोन करतील आणि त्यांचं बरोबर असेल. झोपा. ही झोप रात्री कामाला येते.

साडेसातच्या सुमाराला परत वर, कड्यावर. सूर्य समोरच्या सिकिनोस बेटाच्या बाजूला बुडतो. सँटोरिनीला याच दृश्यासाठी लोक कोपराने ढकलतात. इथे दगडावर बसायला जागा असते, वर पोरं गिटार घेऊन येतात ते वेगळं.

नऊला जेवण. आणि आता नीट ऐका: होराच्या चौकात साडेनऊला जाऊन "इथे तर काहीच नाही" म्हणून परत येणारे दरवर्षी असतात. बार अकरानंतर हलायला लागतात, बारा-एकला गर्दी होते, क्लब दोनला रंगतात. चौक एवढासा, आपल्या वाड्याच्या चौकाएवढा, आणि त्यात जुलैत पाय ठेवायला जागा नसते.

रात्रीचं

मी नैतिक शिक्षण देत नाहीये. एका बारमध्ये हेल्मेट घालून, डोक्यात हातोडा मारून घेऊन टकीला प्यायची पद्धत आहे, तेही मी केलेलं आहे. पण हे लक्षात ठेवा.

गल्लीत उभे राहून हात धरून आत नेणारे "दोन घ्या, चार फुकट" म्हणतात. फुकटच्या शॉटमध्ये काय असतं ते त्यांना आणि देवाला ठाऊक. भेसळीच्या दारूला ग्रीक लोक स्वतःच 'बोंबा' म्हणतात, म्हणजे बॉम्ब. बंद बाटलीतली बिअर घ्या, समोर उघडायला सांगा. आपला ग्लास टेबलावर सोडून नाचायला गेलात तर तो ग्लास आता आपला नाही. मुलींनाच नव्हे, मुलांनाही सांगतेय.

दगड. होराच्या पायऱ्या शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्यात. स्लिपर घालून उतरू नका, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. बंदराकडची गाढववाट रात्री वापरायची नाही, पिऊन तर नाहीच. एका बाजूला काही ठिकाणी कठडा नाही आणि खाली थेट दगड. डांबरी रस्त्यानेही चालत जाऊ नका, बस घ्या, नाहीतर पहाटेपर्यंत बेकरीसमोर बसा. पहाटे पाचला पालक भरलेली गरम पापुद्र्यांची वडी, स्पानाकोपिता, मिळते, तिच्यासाठी थांबण्यात कमीपणा नाही. सहा जण गेलात तर सहा जण परत यायचं, एकाला "तो येईल मागून" म्हणून सोडायचं नाही. आमच्या वेळी एकजण असाच मागे राहिला आणि सकाळी एका अंगणात, अंजिराच्या झाडाखाली, कोंबड्यांमध्ये सापडला. नशीब चांगलं होतं.

आपत्कालीन नंबर ११२. बंदरात आरोग्यकेंद्र आहे, पण मोठी दुखापत झाली तर दुसऱ्या बेटावर किंवा अथेन्सला न्यावं लागतं. म्हणून तो विमा. पॉलिसीत दुचाकीचा अपघात धरलाय का, तेवढं वाचा.

क्वाड बाइक

पोरांचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात महाग पडणारा छंद. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आरटीओत १००० रुपयांत मिळतो, वर्षभर चालतो. तो निघण्याआधी काढा. क्वाडसाठी चारचाकीचं लायसन्स हवं, नुसतं दुचाकीचं चालत नाही. हेल्मेट घाला. दुचाकीवाल्यांना दारूची मर्यादा जवळजवळ शून्य धरा.

आमच्यातल्या इटालियन मित्राने वळणावरच्या बारीक खडीवर क्वाड आडवी केली. गुडघा सोलला, पुढचे तीन दिवस समुद्राकडे नुसतं बघत बसला. वर दुकानदाराने आधीपासून असलेल्या ओरखड्याचेही पैसे लावले, आणि आमच्याकडे पुरावा काय, तर काही नाही. गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांसकट, दुकानदाराच्या देखत.

शाकाहारी मंडळींसाठी, जरा सावकाश

"तिकडे खायचं काय?" हा प्रश्न प्रत्येक मराठी घरातून येतो. माझं उत्तर: तुमच्या आजीला जे कळतं ते.

आई पहिल्या दिवशी मेतकूट-भात आणि थेपल्यांच्या भरवशावर होती. दुसऱ्या रात्री बंदरामागच्या एका खानावळीत गेलो. मालकीणबाई साठीच्या, काळा पोशाख, हात ओलेच. मी फावा मागवला. पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरण, वर कच्चा कांदा, ऑलिव्ह तेल, लिंबू. आईने चमच्याने चाखलं, परत चाखलं. "वरणच आहे की. हिंग तेवढा राहिलाय."

मग बशीत हिरवी उकडलेली पालेभाजी आली. व्लीता म्हणतात तिला. आईने काट्याने एक देठ उचलला, उजेडाकडे धरला, बोटाने मोडला. "हा माठ आहे." मी म्हटलं, नसेल गं. तिने देठाचा धागा ओढून दाखवला. माठच. उन्हाळ्यात ग्रीसभर खातात, नुसता उकडून, तेल-लिंबू घालून. दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या कोशिंबिरीत जाडसर, आंबट, गुळगुळीत पानं आली, तेव्हा तिने बघितल्याबरोबर सांगितलं, घोळ. तिथे तिला ग्लिस्त्रीदा म्हणतात. मालकीणबाईंना आईचा उत्साह बघून काय वाटलं कुणास ठाऊक, त्या आत गेल्या आणि निवडायची राहिलेली माठाची जुडी घेऊन आल्या. दोघी टेबलावर भाजी निवडत बसल्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, कोवळं-जून मात्र दोघींना सारखं कळत होतं. बिलात त्या रात्री गोडाचे पैसे नव्हते.

तर मागवायचं असं: फावा, व्लीता, भाजलेले मोठे पावटे म्हणजे यीगांदेस, भात भरलेले टोमॅटो-मिरच्या म्हणजे येमिस्ता. येमिस्ता आणि द्राक्षाच्या पानांच्या वड्या यांत कधी कधी खिमा असतो, म्हणून विचारायचं. सगळ्यात सोपा शब्द, 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचं. त्यांच्या उपासाला मांस, अंडं, दूध काहीच चालत नाही, मासाही बहुतेक दिवस नाही. पण कोळंबी-माखल्या चालतात, त्यामुळे "निस्तीसिमो" म्हणून निर्धास्त बसलात आणि ताटात आठ पायांचा पाहुणा आला तर मला बोल लावू नका. बेटाचं स्वतःचं चीज आहे स्कोतिरी, मऊ, आंबूस, रानपाल्याच्या वासाचं. पावाला लावून एकदा खाच. मांसाहारी असाल तर चिंता नाही, गीरोस पिटा, म्हणजे रोटीत गुंडाळलेलं भाजलेलं मांस, चार-पाच युरोंत पोट भरतं.

कार्ड सगळीकडे चालतं. मशिनने "रुपयांत की युरोत" विचारलं तर युरो. रुपये दाबलेत तर दर ते लावतील, आणि तो तुमच्या बाजूचा नसेल.

एक भाषेची गंमत, जी गैरसमज टाळेल. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. आपल्या कानाला ते थेट 'नै' ऐकू येतं. बसवाल्याला विचारलं, "मिलोपोतास?" तो म्हणाला, "ने, ने." आई खाली उतरली. बस गेली. नाही म्हणायला 'ओही' म्हणतात, जे आपल्याला 'ओ, हो' वाटतं. पहिल्या दिवशी दहा वेळा घोकून ठेवा.

शेवटचं, होमर

उत्तर टोकाला प्लाकोतोस म्हणून जागा आहे, तिथे होमरची कबर दाखवतात. तोच, इलियड-ओडिसीवाला. त्याची आई या बेटाची होती आणि तो इथेच वारला, ही समजूत फार जुनी. पाश व्हान क्रिनेन नावाच्या डच माणसाने १७७१ मध्ये कबर सापडल्याचा दावा केला. खरं-खोटं सोडा. प्रत्यक्षात दगडांचा ढीग आहे, खाली समुद्र, वर वारा, माणूस एकही नाही. क्वाड घेतलीच असेल तर तिचा एवढा तरी सदुपयोग करा. सकाळी जा, सावलीचं झाड नाही, पाणी बरोबर हवं.

होमर कशाने मेला त्याची गोष्ट अशी. किनाऱ्यावर कोळ्यांची पोरं बसली होती. त्याने विचारलं, काय मिळालं आज? पोरं म्हणाली, "जे पकडलं ते टाकून आलो, जे नाही पकडलं ते बरोबर घेऊन आलो." म्हाताऱ्याला कोडं सुटलं नाही, आणि त्या खंतीत तो गेला म्हणे.

मी हे आईला तिथेच, दगडावर बसून सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर दाताखाली धरला होता, कारण वारा. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"उवा," ती म्हणाली. "चौतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेत मी."

आणि हो, टोपी न्याल तर दोरीची न्या. माझी तिथेच कुठेतरी आहे.